प्लॅस्टिकमधलं क्लॅरिनेट

सकाळी अक्काच्या लाँड्रीत पहिली वाफ सुटायची आणि तिच्यामागोमाग अक्काचं तोंड. संध्याकाळपर्यंत दोन्ही थांबत नसत. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यातले डगले, साहेबलोकांचे कोट, सगळ्या शहराचा मळ तिच्या हाताखालून जायचा. कोण वरून किती पांढरा आणि आतून किती कळकट, ते अक्काला विचारावं. नवरा गेल्यावर लाँड्री तिनं एकटीनं चालवली, लेकीला शिकवलं, उजवलं, आणि कुणाची मिंधी झाली नाही. हे ती येताजाता ऐकवायची. का ऐकवू नये? आपण नाही सांगितलं तर लोक काय मुद्दाम आठवण ठेवणार आहेत?

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचा थोरला भाऊ राहायचा. गल्लीतलं झाडून सगळं माणूस तिला अक्का म्हणायचं, दादा तेवढा तिला "धाकटे" म्हणायचा. गरीब स्वभावाचा माणूस. देवानं दोघांना मिळून एकच जीभ दिली होती, ती अक्कानं आधी येऊन घेतली असावी, जरी जन्मानं ती मागून आली होती.

तरुणपणी दादा क्लॅरिनेट वाजवायचा. बोलावतील तिथं, देतील त्यात. एकदा एका रेकॉर्डिंगच्या दिवशी वाजवणारा आजारी पडला म्हणून ह्याला आयत्या वेळी धरून नेलं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूची शेवटची चीज, तिच्यात मधे सगळे गप्प बसतात आणि एकटं क्लॅरिनेट बोलतं. ते दादानं वाजवलं. दिवसाची मजुरी हातावर ठेवली आणि घरी पाठवलं. पुढे रेकॉर्ड निघाली तेव्हा तिची किंमत त्या मजुरीहून जास्त होती, त्यामुळे दादानं ती कधी घेतलीच नाही. न्हाव्याच्या दुकानात रेडिओवर एकदा कानावर पडली म्हणे. एका गालाला साबण तसाच, हा खुर्चीतून उठून उभा राहिला. न्हावी म्हणाला, बसा, कापेल. तेवढंच त्याचं ऐकणं. नंतर ती रेकॉर्ड बाजारातून गेली ती गेलीच.

आता दादाचा डावा कान पुरता बंद झाला होता. उजव्याची खात्री डॉक्टर देत नव्हते. "जेवढं ऐकायचं ते ऐकून घ्या," असं म्हणाले, म्हणजे काय ते समजा. त्या संध्याकाळी दादा कपबशी धूत धूत म्हणाला, "धाकटे, ते एकदा ऐकायला मिळालं असतं ना, तर बरं झालं असतं."

अक्कानं इस्त्री उभी करून ठेवली. उभ्या जन्मात दादानं काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात जावई बातमी घेऊन आला. तीच रेकॉर्ड एका कंपनीनं पुन्हा काढली होती. लिमिटेड एडिशन. जगात फक्त तीनशे, प्रत्येकीवर आपापला नंबर. जावयाला रेकॉर्डींचं वेड. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पगार चांगला, आणि तो सगळा एका काचेच्या कपाटात उभा करून ठेवलेला. कंपनीचं जुनं गिऱ्हाईक म्हणून त्याला घरपोच आलेली. प्लॅस्टिकच्या सीलमध्ये, चकचकीत.

अक्का लेकीच्या घरी जाऊन त्या कपाटासमोर उभी राहिली. "मग लावा की," म्हणाली.

"काय?"

"काय म्हणजे? रेकॉर्ड. दादाला घेऊन येते, इथं खुर्चीत बसवते, लावा."

सासूनं किडनी मागितल्यासारखा जावयाचा चेहरा झाला. "आई, ती उघडायची नसते."

"मग काय करायचं असतं तिचं?"

"ठेवायची असते. सील फुटलं की किंमत निम्म्यावर येते."

"विकायची आहे का तुम्हाला?"

"छे छे! कधीच नाही!"

"मग किंमत कुणासाठी सांभाळताय?"

जावयानं रुमालानं कपाटाची काच पुसायला घेतली. लेक मधे पडली, "अहो, मामा आहे तो माझा. त्यानं वाजवलंय ते."

"मी नाही कुठं म्हणतोय? फोनवर असतं तर लगेच ऐकवलं असतं. पण कंपनीनं ते कुठेच टाकलं नाहीये. म्हणून तर एवढी मागणी आहे."

"राहू दे गं," अक्का उठली. "मी एकदा मागते. दुसऱ्यांदा मागायची माझ्या जिभेला सवय नाही. जावईबापू, कुठं मिळते तेवढं सांगा. माझी मी आणते."

काही रेकॉर्डी शनिवारी मुख्य बाजारातल्या दुकानात येणार होत्या, माणशी एक. अक्का दुकान उघडायच्या कितीतरी आधी जाऊन उभी राहिली, तरी पुढं ही लांबलचक रांग. पाहते तर रांगेत तिच्याच गल्लीतली भाजीवाली, तिची जाऊ, तिची नणंद.

"काय गं, तुम्हाला कधीपासून गाण्याची आवड?"

"कसलं गाणं?" भाजीवाली म्हणाली. "आम्हाला उभं राहायचे पैसे मिळतात. तो बघा ना, टोपीवाला. तो देतो. आत जायचं, एक चपटा डबा घ्यायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. भाजीपेक्षा बरं. सडत नाही."

टोपीवाला समोरच्या फुटपाथवर चहा पीत उभा होता, मेंढरं मोजणाऱ्या धनगरासारखा. अक्काचा नंबर यायच्या आधी माल संपला. बाहेर येताच टोपीवाल्यानं तीच रेकॉर्ड तिच्या नाकासमोर धरली आणि चौपट किंमत सांगितली.

"आजी, उद्या पाचपट होईल."

"होऊ दे. तुझी टोपी विकून पण तुला तेवढे मिळायचे नाहीत," अक्का म्हणाली आणि चालू लागली. अंगात आग, पण पाठ ताठ.

मग फोनवर शोधाशोध सुरू झाली. अक्काला अक्षरं लावत लावत वाचायला लागायचं, म्हणून लेक वाचायची आणि अक्का हुकूम सोडायची. लिलावात बोली लावली की शेवटच्या क्षणाला कुणीतरी वरचढ बोली लावून पळवायचं. कुणी परदेशातून पाठवायला तयार व्हायचं, तर पाठवणावळच रेकॉर्डीएवढी. शेवटी एकानं रास्त किमतीत देऊ केली. अक्कानं पैसे पाठवले. पुठ्ठ्यात गुंडाळून पार्सल आलं, दादा खुर्ची ओढून जवळ बसला. उघडलं तर आत नुसतं कव्हर. जाहिरातीत तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे, की फक्त कव्हर मिळेल.

"कव्हर विकतात?" अक्काचे डोळे पांढरे झाले. "नुसतं? म्हणजे मी उद्या गिऱ्हाइकाला कोट ठेवून घेऊन हँगर परत देऊ?"

लेक कव्हरच्या मागची बारीक छपाई वाचत होती. कुणी काय वाजवलं त्याची सगळी नावं. वाचता वाचता ती अडखळली.

"वाच ना."

"क्लॅरिनेट, अज्ञात."

"म्हणजे?"

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

"माहीत नाही?" अक्काचा आवाज असा चढला की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक पावती न घेताच निघून गेलं. "माझ्या मागच्या खोलीत दोन वेळा जेवतंय, स्वतःची ताटली स्वतः घासतंय, ते माहीत नाही?"

दादानं कव्हर हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "जाऊ दे धाकटे. कागद चांगला आहे," म्हणाला.

ते "जाऊ दे" अक्काच्या जिव्हारी लागलं. माणूस रडला असता तर तिनं सोसलं असतं.

पुढच्या महिन्यात टाउन हॉलमध्ये रेकॉर्डींचा मेळावा भरला. अक्कानं दादाला इस्त्रीचा कोट चढवला, लेकीला बरोबर घेतलं आणि नव्या ड्रायरसाठी बाजूला ठेवलेले पैसे पर्समध्ये टाकले.

"आई, ड्रायरचे पैसे!" लेकीनं तिचा हात धरला.

"चादरी उन्हात वाळतील. ऊन अजून कुणी लिमिटेड केलेलं नाही."

हॉलभर टेबलं, टेबलांवर खोकी, खोक्यांवर वाकलेले पुरुष. एकही गाणं लागलेलं नव्हतं. एवढी गाणी एका छताखाली आणि शांतता अशी की दवाखान्यात बसल्यासारखं वाटावं. माणसं हातात पातळ मोजे घालून रेकॉर्ड उचलायची, कडेकडेनं बघायची आणि हळूच परत ठेवायची. एका टेबलाशी कंपनीचे साहेब बसले होते, सही द्यायला. त्यांच्यासमोर रांग होती आणि त्या रांगेत, सीलबंद रेकॉर्ड छातीशी धरून, आपला जावई. साहेब सही करत होते ती प्लॅस्टिकवर.

सासूला बघून जावई खोक्याआड व्हायला बघत होता, पण खोकी गुडघ्याएवढीच होती.

टोपीवाल्याचंही तिथं टेबल होतं, मागच्या भिंतीवर त्याच रेकॉर्डी टांगलेल्या होत्या. त्यानं आकडा सांगितला. अक्कानं घासाघीस केली नाही. ज्या माणसाला भर रस्त्यात धुडकावून लावलं, त्याच्याचकडून घ्यायची वेळ आली, तर निदान घासाघीस करून अजून खाली उतरू नये, असा तिचा हिशोब. नोटा टेबलावर मांडल्या.

"पिशवीत घालून देऊ, आजी?"

"पिशवी राहू दे. ते मशीन चालतं ना?" टेबलाच्या कोपऱ्यात जुना माल तपासायला एक प्लेयर आणि दोन स्पीकर ठेवले होते.

"चालतं की. का?"

अक्कानं अंगठ्याचं नख सीलच्या कडेला घातलं आणि सर्रकन ओढलं.

मूल जिन्यावरून पडताना बघणाऱ्याच्या तोंडून निघतं ना, तसं "अरे अरे अरे" हॉलच्या चारी बाजूंनी आलं. मोजेवाले धावत आले. एकानं तर डोळेच मिटून घेतले.

"आजी, काय केलंत हे! अर्ध्या किमतीची झाली!"

"माझी आहे ना? मग पूर्ण किमतीची झाली आत्ता. लाव. दुसरी बाजू, शेवटची चीज."

टोपीवाल्यानं सुई टेकवली. दादा पुढे सरकला, उजवा कान स्पीकरला लावून बसला. खरखर झाली, मग पिपाण्या, ढोल, एक बाई मोठ्या खुशीत गाऊ लागली.

दादानं बराच वेळ ऐकलं. मग मान वर केली. "धाकटे, हे ते नाही."

"असेल रे. खूप वर्षं झाली."

"नाही गं. हे पहिल्या बाजूचं आहे. ही बाई पहिल्या बाजूला गाते."

सुई उचलली, रेकॉर्ड उलटली, पुन्हा टेकवली. तेच ढोल, तीच बाई. पुन्हा उलटली. पुन्हा तीच. चकती छापताना कारखान्यात दोन्ही बाजूंना एकच साचा बसवला होता. कागदावर नावं बरोबर, आत दोन्हीकडे एकच गाणी.

सगळे कंपनीच्या साहेबांकडे बघू लागले. साहेब लगबगीनं आले, हसले. "होतं असं एखादीच्या बाबतीत. एखादी चुकीची निघते. बदलून देऊ, पत्र पाठवा."

"पत्र कशाला? ह्या काय भिंतीवर आहेत की," अक्का म्हणाली. "काढ रे दुसरी. बघू एखादीच आहे का."

टोपीवाला दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "हात लावायचा नाही! सील फुटलं तर भरून कोण देणार?"

अक्कानं मग हॉलभर नजर फिरवली. "इथं कितीजणांकडं आहे ही? हात वर करा." बरेच हात वर झाले. "आणि कुणी ऐकलीय?"

हात जसे वर गेले होते तसेच खाली आले. कुणी बुटाकडे बघू लागलं, कुणी छताकडे.

"आणि साहेब, तुम्ही?"

साहेबांचे कान लाल झाले. "मी... टेपवर ऐकलीय. छापून आल्यावर लगेच पॅक झाल्या, त्यामुळे..."

"वा! काढणाऱ्यानं ऐकली नाही, विकणाऱ्यानं ऐकली नाही, घेणाऱ्यानं ऐकली नाही. बाजारात येऊन एवढे दिवस झाले आणि कारखान्याची चूक कुणाच्या कानाला कळली? ज्याला एकच कान उरलाय त्याच्या!"

कुणीतरी मागून फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "बाई, एका रेकॉर्डीवरून सगळ्यांना नावं ठेवू नका. पुरावा काय?"

तेव्हा गर्दीतून जावई पुढे आला. घामाघूम. त्यानं आपली रेकॉर्ड टेबलावर ठेवली, ताजी सही असलेली. सासूकडे बघितलं नाही, बायकोकडे बघितलं नाही. खिशातून किल्ली काढली आणि सही मधोमध चिरत सील फाडलं.

सुई टेकली. दुसरी बाजू. ढोल. तीच बाई, तीच खुशी.

मग मोजेवाल्यांपैकी एक हळूच म्हणाला, "म्हणजे सगळ्याच चुकीच्या. असली चूक दुर्मिळ असते." झालं. टोपीवाल्यानं भिंतीवरची चिठ्ठी काढली आणि दुप्पट आकडा लिहून लावली. अक्काकडे वळून गोड हसला, "आजी, तुमची उघडी असली तरी चालेल. मी परत घेतो, वर चार पैसे घाला म्हणाल तर तेही."

"तुला देण्यापेक्षा मी हिच्यावर गरम पातेलं ठेवीन." अक्का त्याच्याकडे पाठ करून साहेबांसमोर उभी राहिली. "खरं गाणं कुठं आहे?"

"मूळ टेपवर. ऑफिसमध्ये."

"उद्या येतो आम्ही."

"तसं बाहेरच्या माणसांना आम्ही—"

"बाहेरचा? तुमच्या कव्हरवर अज्ञात छापलाय ना, तो हा. कोट घालून उभा आहे. नीट बघून घ्या. आणि उद्या नको असेल तर मी ह्या खुर्चीत बसते, आणि तुमच्याकडं सही घ्यायला येणाऱ्या एकेकाला विचारते, ऐकली का हो? बसू?"

साहेबांनी रांगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, अक्काकडे बघितलं. "अकरा वाजता या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जावयानंच गाडी काढली. वाटेत एकदा तो म्हणाला, "आई, त्या दिवशी मी..." आणि अक्का म्हणाली, "समोर बघून चालवा." पण आवाजात धार नव्हती, हे त्याला कळलं असावं.

ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. साहेबांनी कपाटातून टेप अशी काढली जसं झोपलेलं तान्हं उचलावं. "ही एकच आहे. दरवेळी फिरवली की थोडी झिजते. एकदाच लावणार, आधीच सांगतो."

टेप फिरू लागली. दादा डोळे मिटून बसला. आधी सगळे मिळून वाजवत होते, मग एकेक जण गप्प होत गेला, आणि मधून एक सूर निघाला, लांब, सरळ, कुणाला न विचारता पुढे जाणारा. अक्काच्या अंगावर काटा आला. हा आपला दादा? जो दुकानात सुट्टे पैसे कमी मिळाले तरी बोलत नाही?

दादानं डोळे उघडले. कपाळाला आठ्या होत्या. "एवढं दबकं का लावलंय? मी असं दबकत नव्हतं वाजवलं."

"आवाज आहे तसाच आहे, काका," साहेब म्हणाले. "आम्हाला नीट ऐकू येतंय."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. उजवा कानही निघाला होता वाटेला, आणि कुणाला सांगून निघाला नव्हता. अक्काला ते कळलं, पण चेहऱ्यावर तिनं काही येऊ दिलं नाही. तेवढी सवय होती.

"वाढवा," ती म्हणाली.

"अहो, आधीच—"

"वाढवा. आणि पहिल्यापासून लावा."

"बाई, मी म्हटलं ना, टेप झिजते!"

"झिजू दे. इतकी वर्षं कपाटात ठेवून काय झालं तिचं? वाजवणारा म्हातारा झाला. ती कोरी राहून कुणाच्या उपयोगी पडणार आहे?"

साहेबांनी जावयाकडे मदतीसाठी बघितलं. जावई उठला, सरळ यंत्रापाशी गेला, टेप पहिल्यापासून लावली आणि आवाजाचं गोल बटण फिरेल तेवढं फिरवलं.

ह्या वेळी सूर निघाला तो भिंती हलवत. खिडकीची काच झणझणली, टेबलावरची पेनं घरंगळली. दादानं खुर्ची ओढून स्पीकरला चिकटवली, उजवा कान जाळीवर टेकवला, दोन्ही तळवे लाकडावर ठेवले. खालच्या मजल्यावरचे वकील जिना चढून धापा टाकत दारात आले. "काय चाललंय काय? माझ्याकडं अशील बसलेत!"

"माफ करा, माफ करा," म्हणत साहेबांनी आवाज कमी करायला हात पुढे केला.

बटणावर आधीच एक हात होता. वर्षानुवर्षं वाफेनं भाजून भाजून चामड्यासारखा झालेला, जाडजूड, आणि तसूभरही न हलणारा.

"त्यांना म्हणावं बसा," अक्का म्हणाली. "अजून संपलं नाही."